रिकाम्या गाडीचा धूर

तानूआक्का आजही थांब्यापर्यंत आली आणि माघारी वळणार, तेवढ्यात बस समोर येऊन थांबली.

"मी कुठं बोलावलीय?" तिनं चालक इरफानला झापलं.

"बोलवायची पद्धत गेली की, आक्का. जिल्ह्याचं यंत्र सगळ्यांचं येणंजाणं बघतं, कोण कधी निघणार ते ताडतं आणि गाडी पाठवतं. त्याच्या हिशोबानं आज तुम्ही बार्शीला लेकीकडं निघालाय."

"त्याच्या तोंडाला काळं फास. पहिलं बाळंतपण माहेर सोडून सासरी केलं तिनं. मी जाते होय?"

"मग आठवडाभर रोज इथवर येऊन माघारी का जाता?"

आक्कानं पदराखालचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

"नका येऊ," इरफान म्हणाला. "पण रिकामी गाडी फिरली की तिचा धूर गावाच्या नावावर चढतो. मग महिनाभर गावाला गाड्या कमी."

आक्कानं एकदा गावाकडं बघितलं आणि पायरी चढली.

"गावासाठी जातेय. सांग तुझ्या यंत्राला."

वेस मागं पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. मग तिला राहवेना.

"जरा जोरात हाण की रे. डब्यातले डिंकाचे लाडू गरम आहेत तोवर पोचव."