कारण : इतर

“नागपूरले आमी संत्रा धाडतो डॉक्टरसाहेब, पोट नाही,” मोहगावचे भगवंतराव तपासणीच्या टेबलावरून उतरत म्हणाले. “माह्या बायकोचं आपरेशन तुमीच केलं. माह्यंबी तुमीच करा.”

पित्ताशयातले खडे काढणे डॉक्टर मोरेश्वरांना नवे नव्हते. सरकारी विमायोजनेच्या यादीत या भागात दुसरा शल्यचिकित्सकही नव्हता. परंतु पोळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता, आणि ही गोष्ट त्यांनी अद्याप कोणापाशीही काढली नव्हती.

विमायोजनेच्या सुधारणेवर शासनाने मते मागवली, तेव्हा बाकीच्या डॉक्टरांनी दोन ओळी खरडल्या; यांनी सात पाने लिहिली. जिथे शस्त्रक्रिया होऊ शकते तिथला रोगी बाहेर पाठवू नये. पाठवलाच तर कारण द्यावे, आणि कारणाला पुरावा जोडावा. ते मत आता नियम होऊन आले होते.

“तृप्ती, यांना नागपूरला पाठवायचे आहे. मंजुरी माग.”

संगणकापुढे बसलेल्या साहाय्यक डॉक्टर तृप्तीने कारणांची यादी उघडली. यंत्र नाही, रक्त नाही, भूलतज्ज्ञ नाही. “भूलतज्ज्ञ नाही, असं टाकून देऊ का सर? तिकडे कोण पाहून राहिलं?”

“मंगेश खाली बाळंतिणीला भूल देतो आहे, आणि वर मी तो नाही असे लिहू?”

“मग काय लिहू?”

“‘इतर’ निवड. पुढे लिही, शल्यचिकित्सकाचा हात स्थिर नाही.”

तृप्तीची बोटे थांबली. तिने त्यांच्या हाताकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे. “सर, हे एकदा गेलं की योजनेच्या यादीतून तुमचं नाव जाईल. कायमचं.”

“जाईलच. सातव्या पानावर तेही मीच सुचवले आहे.”

भगवंतरावांनी सदऱ्याचे शेवटचे बटण लावले. “मले त काही दिसलं नाही जी,” ते हळूच म्हणाले. “तुमी करा.”

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर डावा हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. तृप्तीने मजकूर भरला.

“पुरावा मागून राहिलं, सर.”

त्यांनी उजवा हात दिव्याखाली अधांतरी धरला. तिने मोबाइल उचलला, फोटो काढला, आणि पडद्याकडे पाहत राहिली.

“हलला, सर. पुन्हा काढते.”

“नको. तोच जोड.”