लाल शेरा

सिझेरियननंतर तासाभरात अहवाल आला आणि रेवतीच्या नावापुढे लाल शेरा पडला. बाळ अजून तिच्या कुशीतही आलं नव्हतं.

नर्स हळू आवाजात म्हणाली, “ताई, तुमच्या आतड्यातल्या जंतूंमध्ये औषधांना दाद न देणारं जनुक सापडलंय. त्यांच्यावर आता कुठलंच औषध चालत नाही. बाळाला लागण झाली तर आमच्या हाती काही उरणार नाही. वर्षभर त्याला काचेतूनच बघायचं.”

रेवतीची आई, शालनताई, कॉटजवळ उभ्या होत्या. पोल्ट्रीच्या जिवावर त्यांनी या एकुलत्या एक लेकीला इंजिनिअर केलं होतं. कोंबड्यांनी झटपट वजन धरावं म्हणून वीस वर्षं त्या खाद्यात प्रतिजैविकं कालवत आल्या होत्या. लहानपणी रेवतीही हौसेनं कालवायला बसायची.

“आई, मी तर कधी विनाकारण एक गोळी घेतली नाही,” रेवती म्हणाली. “मग हे माझ्यात आलं कुठून गं?”

शालनताईंना उत्तर ठाऊक होतं. त्यांनी पदरानं लेकीचे डोळे पुसले.

“शहरातल्या पाण्यातून आलं असेल, बाळा. हल्ली कशाचा भरवसा राहिलाय?”

रेवतीनं मान डोलावली आणि आईचा हात घट्ट धरून ठेवला.