खुशालरावाचं बिल

"माह्या दोन एसीचं बिल तुह्या एका पंख्याच्या बिलापेक्षा कमी येईन. लाव पैज!"

खुशालराव आपल्या गेटात उभा राहून हे ओरडला, तेव्हा समोर सत्यभामा भाजीच्या गाडीवर पालकाच्या जुड्या तागाच्या ओल्या बोऱ्यांनी झाकत होती. मे महिना. अकोल्यात अंधार पडला तरी डांबर चटके देत होतं. खुशालरावाच्या दोन्ही एसींचं पाणी पाइपातून रस्त्यावर ठिबकत होतं. ते पाणीसुद्धा हा माणूस लोकांना दिसेल असं सोडायचा.

"काहून गरिबाची थट्टा करता, काकाजी?"

"थट्टा नाई वं, अक्कल शिकवून राह्यलो. बिल कमी यायले डोस्कं लागते. तू कुलर बंद करते अन् दारावर बोऱ्या लटकवते. तुह्या घरात माणसं राह्यतेत का मेथी?"

बाजूच्या दुकानातला वामनराव शिंपी मशीन थांबवून हसला. सत्यभामा हसली नाही. घरावर स्लॅब टाकायला तिनं महिला गटातून पन्नास हजार उचलले होते. दर गुरुवारी साडेअकराशेचा हप्ता, आणि आता चारच उरले होते. पण एप्रिलचं लाइट बिल आलं एकवीसशे. त्यापायी एक हप्ता चुकला. गटातल्या बायांनी तो पदरचा भरला आणि तोंडावर सांगितलं, "आता चुकला तं गाडीच उचलून नेऊ." म्हणून कुलर बंद, म्हणून दारावर बोऱ्या.

"मी हरलो तं तुह्ये चारी हप्ते गुरुवारी सगळ्यायसमोर भरीन," खुशालरावाला आता चेव चढला होता. "तू हरली तं वर्षभर भाजी फुकट. धुऊन, निवडून, माह्या बायकोच्या, गोदाबाईच्या हातात आणून द्याची."

"लागली," सत्यभामा म्हणाली.

तिच्या नवऱ्यानं, पुंजाजीनं, हे ऐकलं आणि तो जेवणावरून उठला. "तुह्या डोक्यात ऊन चढलं का? तो एवढा फुगून राह्यला, म्हणजे त्याले काही तरी माहीत असन ना!"

"त्याले जे माहीत हाय, तेच मलेही माहीत हाय. जेवा गुमान."

दोन दिवसांनी नवी बिलं आली. गुरुवारी चौकातल्या निंबाखाली गटाच्या बाया जमल्या. फायनान्सच्या ललिता मॅडम स्कुटीवरून पावती पुस्तक घेऊन आल्या. खुशालराव त्यांच्याही आधी हजर. इस्त्रीचा शर्ट, ताजा कलप, घरून आणलेली प्लास्टिकची खुर्ची आणि मांडीवर रिकामी पिशवी. पहिल्या दिवसाची फुकट भाजी त्याला आजच न्यायची होती.

सत्यभामेनं बिल उघडून दाखवलं. आठशे सत्तर.

"आठशे सत्तर!" खुशालराव खुर्चीतच उसळला. "बापा बापा! जीव जाईस्तोवर घामात निजले अन् आठशे सत्तर! आता माह्यं पा." त्यानं खिशात हात घातला.

"थांबा काकाजी. पैज म्हटली का पंच पाह्यजे. म्या आणला."

निंबाच्या पारावर बसलेला माणूस उठला. खाकी शर्ट, कमरेला पक्कड, खिशात टेस्टर, हातात रबरी मोजे.

"हा सुगत. अमरावतीहून आला. हा दोन्ही बिलं पाह्यते, मंग दोघायच्या घरी जाऊन कायकाय चालते ते पाह्यते. उगाच कोणी म्हणाले नको, फसवलं म्हणून."

सुगतनं आधी खांबाकडे पाहिलं. मग तारेकडे. मग सावकाश खुशालरावाच्या गच्चीकडे.

"काकाजी, गच्चीवरचा तो बांबू कायले हाय?"

खुशालरावाचा हात खिशातच राहिला. कलपाखालून घामाचा काळा ओघळ निघून कानापर्यंत आला.

"काकडीचा... काकडीचा वेल चढवाचा हाय."

"गच्चीवर? मे महिन्यात?" वामनरावानं विचारलं. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"बिल काढा ना, काकाजी!" बाया ओरडल्या.

"बिल... घरी राह्यलं. सात हजार आलं. लय आलं या बारीले."

"म्हणजे तुमी हरले?"

"हरलो ना! हरलो म्हणतो ना, बाई! मोजमाप कायले पाह्यजे? घरी याचं काही काम नाई कोणाचं!"

खिशातलं बिल तीनशे नव्वदचं होतं. पैज तोच जिंकला होता. दिवसभर नवरा-बायको मीटरवरचा एकच पंखा लावून बसायचे. अंधार पडला की खुशालराव तो बांबू उचलून खांबाच्या तारेवर आकडा टाकायचा, मग दोन्ही एसी सुरू. पहाटे आकडा खाली. हीच ती अक्कल, जी तो चौकभर शिकवत फिरायचा. त्याच्या घरामागच्या आपल्या गच्चीवर सत्यभामा बोऱ्या भिजवायला जायची, तेव्हा तिला हा सगळा खेळ फुकटात दिसायचा.

जिंकलेल्या माणसाला हरायची एवढी घाई चौकानं कधी पाहिली नव्हती. खुशालरावानं शंभराच्या चाळीस नोटा काढल्या. सहाशे कमी पडले, तेव्हा गोदाबाईला हाका मारून घरून मागवले. ललिता मॅडमनी सेहेचाळीसशे मोजून घेतले, चारी हप्त्यांची पावती फाडली आणि खात्यावर 'पूर्ण' लिहिलं. गाडी उचलून न्यायला निघालेल्या बायांनीच आता टाळ्या पिटल्या.

खुशालराव रिकामी पिशवी बगलेत मारून सुगतजवळ गेला आणि त्यानं हात जोडले. "साहेब, मनात ठेवू नका. तुमी लाइटच्या कोणत्या ऑफिसले असता?"

"ऑफिस कायचं, काकाजी!" सुगत पक्कड खोचत म्हणाला. "मी बँडवाल्याचा माणूस. वरातीत झुंबरायच्या मागं जनरेटर ढकलतो. सत्यभामा मावशीनं रोडग्याच्या जेवणाचं आवतन देल्लं, म्हणून आलो."