काकांचा पसा

गाड्या धुण्याच्या सेंटरवर कुठलं केमिकल किती पाण्यात मिसळायचं, हे एकट्या मापकाकांना ठाऊक होतं. आपली नोकरी कुणी पळवू नये म्हणून ते दार लावून बादल्या कालवायचे आणि चौदा वर्षं कुणाला ताकास तूर लागू देत नव्हते.

आता तोच गळफास झाला होता. गुडघे बोलायला लागले होते, लेक कायमचं राहायला बोलवत होती, पण मालक सोडायला तयार नव्हते. "आधी माप सांगा, मग सुखानं जा."

शेवटी काकांनी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'बादलीला एक पसा शाम्पू. काचेच्या केमिकलचा अर्धा पसा.' नव्या माणसानं वाचून तंतोतंत तसंच केलं, आणि पहिल्याच गाडीवर पांढरे ओघळ उठले. मग काकांनी त्याच कॅनमधून आपल्या हातानं एक पसा घातला. गाडी आरशासारखी निघाली.

मालकांनी नव्या माणसाचा सुपाएवढा पंजा पाहिला. मग केमिकलनं आखडलेला, पुरता न उघडणारा काकांचा हात पाहिला.

"काका, जायचं तर खुशाल जा," ते म्हणाले. "फक्त हा हात इथं ठेवून जा."