कुंपणावरचे पोस्टमास्तर

पक्षाच्या यादीचा नियम सोपा होता: आपल्या मतदारापुढे बरोबरची खूण, विरोधकापुढे फुली आणि कुंपणावरच्यापुढे प्रश्नचिन्ह. मतदानापर्यंत प्रश्नचिन्हांचीच दारं वाजवायची. बाकीच्यांसाठी कुणाला वेळ होता? तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांचं तीन आठवडे काही ठरत नव्हतं आणि जिने चढून चढून कार्यकर्तीचे गुडघे बोलायला लागले होते. आजही टेबलावर दोन कप आधीच मांडलेले होते. चष्म्यासाठी त्यांनी खण उघडला, तर वरच तिच्याच पक्षाचं जुनं सभासद कार्ड, त्यांच्या तरुणपणीच्या फोटोसकट. “काका, तुम्ही तर आपलेच! मग मला एवढं का खेळवलंत?” ते ओशाळले. “पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर पुन्हा आली असतीस का गं?” तिने बरोबरची खूण करायला पेन्सिल टेकवली, पण प्रश्नचिन्हच आणखी ठळक गिरवलं. “तुमचं काही ठरत नाही, काका. उद्या येते.”