न घ्यायचं नाव

सार्जंट ग्रिफिनने टोपी काढली आणि गेलेल्या माणसाचं नाव घेतलं. खणखणीत आवाजात, आडनावासकट.

दुखवट्याला बसलेल्या बायकांनी एकच आकांत केला. कुणी कानांवर हात दाबले, कुणी वाळूत डोकं आपटायला लागली. मेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, हे या आदिवासी वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याच नावाचा एक चुलतभाऊ होता, त्यालाही आता सगळे दुसऱ्या नावाने हाक मारत होते.

"आईच्या तोंडावर नाव घेतोस?" एक म्हातारा ओरडला. "पाठलाग करून मारलात त्याला. आता मेल्यावर तरी सोडा!"

ग्रिफिन पांढराफटक पडला. शेजारी उभ्या लायलची मान खाली गेली. लायल याच वस्तीतला, इथून पोलिसात गेलेला एकटाच. पोलिसांच्या पाठलागात गाडी उलटून तो पोरगा गेला, तेव्हापासून वस्तीने ठाण्याशी बोलणं टाकलं होतं. नवऱ्याने डोकं फोडलं तरी बायका फोन करत नव्हत्या. लायलने दारोदार फिरून, शिव्या खाऊन आजची भेट जमवली होती. आणि सकाळी गाडीत बसताना ग्रिफिन हसत म्हणाला होता, "तुला इतकी वर्षं या लोकांना जिंकणं जमलं नाही ना, ते आज मी करून दाखवतो बघ." लायलने ते मुकाट्याने गिळलं होतं.

गेलेल्या पोराची आई उठली. डोरीन आत्या. तोंडाला, केसांना दुखवट्याची पांढरी माती फासलेली. ती ग्रिफिनसमोर येऊन उभी राहिली तशी रडारड थांबली.

"तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

ग्रिफिनने एकदा लायलकडे पाहिलं.

"मी कुणाला विचारलंच नाही, बाई," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं. चूक माझी आहे."

आत्या हळूच खाली बसली आणि तिने शेजारची वाळू थोपटली.

"बस इथं. गाढव आहेस, पण खोटारडा दिसत नाहीस." मग ती लायलकडे वळली. "आणि तू रे, जरा शिकव याला. तू आमचा आहेस. तुझ्या भरवशावर आम्ही याला येऊ दिलं."

ग्रिफिन अवघडून वाळूत बसला. कुणीतरी त्याच्यापुढे चहा सरकवला. निभावलं होतं. लायल गप्प बसला असता, तर कुणाला कधीच काही कळलं नसतं. पण त्याला तिथे उभं राहवेना. शरमेने त्याचे कान तापले होते.

"आत्या, याने मला गाडीत विचारलं होतं," तो म्हणाला. "'नाव घेतलं तर चालेल ना?' म्हणून. मी हो म्हटलं."