दहा सेकंदांचा पैलवान

पळसदरीच्या साईराजनं टीव्हीला मारामारीचा व्हिडिओ गेम जोडला आणि गावातल्या दोस्तांना दर रविवारी खेळायला बोलावलं. कुठलं बटण कशाचं हे समोरच्याला कळायच्या आत, दहा सेकंदांत, तो त्याला आडवा करायचा आणि वर त्याच्या तोंडासमोर शड्डू ठोकायचा. चौथ्या रविवारी एकही जण फिरकला नाही.

"सगळे भागूबाई!" साईराज फिसकन हसला. "अरे, मार खाल्ल्याशिवाय खेळ येतो काय? दोनदा हरले की लगेच घर आठवतं यांना. आजोबा, आता तुमीच बसा."

येसाजीआजोबा तरुणपणी जत्रांचे आखाडे गाजवलेला गडी. नातवाच्या हौसेखातर बसले आणि दहा सेकंदांत आडवे झाले. साईराजनं त्यांच्यापुढंही शड्डू ठोकला.

आजोबा सावकाश उठले. त्यांनी धोतराचा काचा मारला.

"तुजा खेळ झाला. आता माजा. चल अंगणात, एक कुस्ती होऊन जाऊ दे."



साईराज दोन पावलं मागं सरला. "छ्या! मला कुठं येते कुस्ती? उगाच कोण मार खाणार!"